बाळ साडेचार महिन्यांचं, अंगावरच पाजतेय, तरी पाळी आली

काजवी (मंगळवार, रात्री ११.४०)
नमस्कार मंडळी. वर्षभर नुसती वाचक होते, आज पहिल्यांदा लिहितेय. सांभाळून घ्या.

मुलगी साडेचार महिन्यांची आहे. नॉर्मल डिलिव्हरी. पहिल्या दिवसापासून अंगावरचंच दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. बाळंतपणानंतरचं जाणं पाचव्या आठवड्यात थांबलं आणि मग सगळं शांत होतं. परवा पहाटे कुशीवर होऊन पाजत होते, उठले तर गोधडीवर डाग. आधी वाटलं हिचंच दुपटं गळलं. दिवा लावला तर लाल. दुपारपर्यंत रीतसर पाळी सुरू. पॅडचं पाकीट कपाटात इतकं तळाला गेलेलं की शोधताना माझ्या डोहाळजेवणाचा वाडीचा गजरा सापडला, वाळलेला.

खरी पंचाईत पुढे आहे. सासूबाई म्हणतात पाळीतलं दूध उष्ण पडतं, बाळाला जुलाब लागतील, चार दिवस वाटी-चमच्याने गाईचं दूध दे. माझी आई फोनवर म्हणते, आम्हाला वर्ष-वर्ष येत नव्हती, तुला एवढ्यात कशी आली, नीट पाजत नाहीस का? दोघींच्या मध्ये मी. त्यात कालपासून बाळ दोन मिनिटं पितं, तोंड काढतं, किरकिरतं. आता मलाच वाटायला लागलंय की सासूबाईंचं खरं असेल.

दूध आटेल का? चार दिवस थांबू का? आणि एवढ्या लवकर आलीच कशी?

हिरवीमिरची
पाजत राहा. बाकी सगळं नंतर.

अबोली_७९
आमच्याकडे पण हेच. पाळीतलं दूध, ताप आला तर "तापातलं दूध", रडून झालं तर "दुःखाचं दूध". एवढी वर्गवारी डेअरीतसुद्धा नसते.

टाकेवाली
काजवी, गाईचं दूध देऊ नका. मी तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, टाके घालण्यात हयात चाललीय म्हणून हे नाव.

पाळीतल्या दुधाने बाळाला काही होत नाही. एक मात्र आहे. स्त्रीबीज बाहेर पडताना आणि पाळीच्या आसपास काही जणींचं दूध किंचित खारट होतं, दोन-तीन दिवस जरा कमीही वाटतं. काही बाळांना ते कळतं, बहुतेकांना पत्ताही लागत नाही. तुमची लेक चोखंदळ दिसतेय. याच दिवसांत स्तनाग्रं हुळहुळी होतात, त्यामुळे आईच अवघडून बसते नि बाळाची पकड बिघडते, तेही बघा. जास्त वेळा छातीला लावा, दूध पुन्हा वर येतं. थांबवलंत तर मात्र खरंच आटेल आणि मग सगळे म्हणतील, बघ, पाळीने आटलं.

लवकर का आली? बाळ चोखतं तेव्हा मेंदूतून प्रोलॅक्टिन सुटतं, त्याने दूध बनतं. त्याच चोखण्याने मेंदूकडून अंडाशयाला जाणारे हुकूम मंदावतात, म्हणून बीज पिकत नाही, म्हणून पाळी नाही. पण हे चोखण्याच्या वेळांवर चालतं, दूध किती लिटर निघालं यावर नाही. प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, त्यामुळे रात्रीचं पाजणं महत्त्वाचं. आता सांगा, मुलगी रात्री सलग झोपायला लागलीय का?

काजवी
डॉक्टर, तुम्ही आमच्या घरात कॅमेरा लावलाय का? तीन आठवड्यांपासून रात्री दहाला झोपते ती थेट पहाटे पाचला उठते. सगळे म्हणतात केवढी गुणी पोर.

टाकेवाली
गुणी आहेच. तिच्या सात तासांच्या झोपेत तुमचं अंडाशय जागं झालं. यात तुमचं काहीही चुकलेलं नाही. आईला सांगा.

उत्खनन
आईच्या "वर्ष-वर्ष येत नव्हती" वरून एक जोड देतो. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या कालाहारी वाळवंटातल्या कुंग या शिकारीवर जगणाऱ्या लोकांवरचा कोनर आणि वर्थमन या संशोधकांचा अभ्यास १९८० साली 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. तिथल्या आया मुलाला दिवसभर अंगाशी बांधून हिंडायच्या नि तासात कित्येकदा, दर वेळी दोनच मिनिटं पाजायच्या. दोन पाजण्यांमधलं अंतर सरासरी १३ मिनिटं! गर्भनिरोधक काही नाही, तरी दोन मुलांत जवळजवळ चार वर्षांचं अंतर. आपल्या आज्यांची बाळं रात्रभर कुशीत असायची, झोपेतच लुचायची, आजीला कळतही नसे. पाळणा वेगळ्या खोलीत गेला की गणित बदलणारच.

हिरवीमिरची
आला. धागा बाळंतपणाचा असो की बटाटेवड्याचा, हा माणूस कालाहारीत जाऊन येतो.

उत्खनन
बटाटेवड्याचं पेरूत जातं. बटाटा तिथला.

मीठभाकरी (बुधवार, दुपारी २.१५)
मी जरा वेगळ्या अंगाने लिहिते, कारण काजवीला निदान कळलं तरी. माझ्या धाकट्या बहिणीला कळलंच नाही.

तिचं पहिलं बाळ नऊ महिन्यांचं होतं. पाळी आलेली नव्हती. मऊभात, नाचणीची पेज सुरू होती, शिवाय अंगावर पाजतही होती. मळमळायला लागलं, तर जागरणाने पित्त झालंय म्हणून सकाळी आमसुलाचं पाणी, रात्री अँटासिड. घट्ट कपडे होईनात, तर बाळंतपणाचं पोट सुटलंय, डिंकाचे लाडू बंद कर असं आम्हीच सांगितलं. शेवटी बाळाला लस द्यायला गेली तिथे नर्सने तिच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, ताई, तुमची पाळी कधी आली होती? ही म्हणाली, अजून सुरूच नाही झाली. नर्स म्हणाली, मग लघवीची तपासणी करून घ्या. सोनोग्राफीत चौदा आठवडे निघाले.

तिचं एकच पालुपद: "पाळीच नाही तर दिवस जातील कुठून?" एम.एस्सी. झालीय ती. जावई तर सोनोग्राफीच्या खोलीबाहेर दहा मिनिटं नुसते चपला बघत उभे होते.

तिने दुसरं ठेवलं. दोघंही छान आहेत. पण ती दोन वर्षं तिने कशी काढली ते मी पाहिलंय. हिमोग्लोबिन आठावर गेलं होतं.

टाकेवाली
महिन्याला एक तरी अशी केस माझ्यापुढे येते. म्हणून जरा लांबण लावते.

बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. पाळी म्हणजे मागाहून येणारी पावती. त्या पहिल्याच बीजाला गर्भ राहिला तर पावती येतच नाही. पाजणाऱ्या आईची पहिली पाळी सहा महिन्यांच्या आत आली तर बऱ्याचदा ती बीजाविनाच असते, पण त्या भरवशावर राहायचं नसतं.

पाजण्याने संरक्षण मिळतं हे खोटं नाही. इटलीत बेलाजिओ इथे १९८८ साली तज्ज्ञ बसले आणि त्यांनी याच्या अटी ठरवल्या. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि बाळ जवळपास पूर्णपणे अंगावरच, म्हणजे दिवसा चार तासांपेक्षा नि रात्री सहा तासांपेक्षा मोठा खंड नाही. तिन्ही पाळलं तर शंभरातल्या ९८ जणींना दिवस जात नाहीत. एकही अट मोडली की त्या दिवसापासून दुसरा उपाय हवा. मीठभाकरी, तुमच्या बहिणीची दोन अटींवर मुदत संपली होती. काजवी, तुमची आता पाळी आली, म्हणजे तुमचीही. (प्रसूतीनंतरच्या पहिल्या ५६ दिवसांतलं थोडंफार जाणं यात पाळी म्हणून धरत नाहीत.)

आणि कुणी अशा अवस्थेत सापडलीच नि मूल नको असेल, तर घाबरून कुठल्या गोळ्या आणू नका. गर्भनिरोधक फसल्याने राहिलेला गर्भ २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने कायदेशीरपणे काढता येतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्याला लग्नाचीही अट नाही.

अण्णा_नगरी
पुरुषाने लिहिलं तर चालतं ना इथं? बायको लिहायला लाजतेय, मोबाईल माझ्या हातात देऊन शेजारी बसलीय. आमचं वरचं दूध आहे. बाळंतपण होऊन सात आठवडे झाले, काल पाळी आली. लई जास्त जातंय म्हणती. हे बरोबर का?

निशिगंधा_क
वरचं दूध का देताय पण? आईच्या दुधासारखं काही नाही. प्रयत्न केला तर येतंच.

अण्णा_नगरी
जुळी आहेत ताई. साडेसात महिन्यांत झाली. चोवीस दिवस काचेत होती. तिने पंप लावून लावून काढलं, दोन चमचे निघायचं. प्रयत्न केला.

हिरवीमिरची
निशिगंधा, कृपया.

निशिगंधा_क
माफ करा अण्णा. खरंच. वहिनींना पण सांगा.

टाकेवाली
अण्णा, न पाजणाऱ्या आईला सहा ते आठ आठवड्यांत पाळी येणं अगदी वेळेवर आहे. बीज तर चौथ्या आठवड्यातही सुटू शकतं, तेव्हा तुम्ही दोघांनी आधी ते बघा. पहिली पाळी जरा जास्त जाते, वेळापत्रकही दोन-चार महिने बिघडलेलं राहतं.

पण तिला आत्ता विचारा: तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं दोन तासांच्या वर चाललंय का? लिंबाएवढ्या गाठी पडतायत का? ताप, घाण वास, चक्कर? यातलं एकही असेल तर उद्याची वाट बघू नका. वार किंवा पडद्याचा तुकडा आत राहिला असला तर बऱ्याच उशिरानेही रक्तस्राव होतो.

अण्णा_नगरी
तीन तासाला एक म्हणती. गाठी शेंगदाण्याएवढ्या. ताप नाही.

टाकेवाली
मग घाबरू नका, पण या आठवड्यात दाखवा नि हिमोग्लोबिन करा. सरकारी लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. बहुतेक बायका बारशानंतर डबी माळ्यावर टाकतात.

पायवाट
मी सुरगाणा तालुक्यात आशा आहे. बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत सहा भेटी असतात आमच्या: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी बाळंत झाली असेल तर पहिल्या दिवशी पण जायचं. वजनकाटा, थर्मामीटर घेऊन. सगळी भेट बाळाची असते. आईचं बोलणं होतं ते सासू पाणी आणायला आत गेली की. दाराला टेकून हळूच विचारतात, "ताई, आता लगेच नाही राहायचं ना?"

आमच्याकडे छायाच्या गोळ्या चालतात, पाजणाऱ्या आईला चालणाऱ्या. त्यात हार्मोन नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यात दोन, म्हणजे रविवारी घेतली तर बुधवारी, आणि मग आठवड्याला एक. एक मात्र आधीच सांगावं लागतं की पाळी लांबते. नाही सांगितलं तर घाबरून पाकीट चुलीत घालतात. 'अंतरा' नावाचं इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा, त्यात पाळी अधूनमधून येते नाहीतर बंदच होते. मग म्हणतात रक्त आत साठतंय. साठत नाही, आतला थरच तयार होत नाही, पण हे पटायला चार भेटी लागतात. तांबी बाळंतपणाच्या वेळीच ४८ तासांत बसवता येते. तिच्याबद्दल पक्की समजूत, की ती वर काळजात चढते.

अबोली_७९
पायवाट, काळजात चढते हे माझ्या कॉलेजात शिकवणाऱ्या जावेनेही मला सांगितलं होतं!

टाकेवाली
पायवाट, दंडवत. माझ्याकडून पुरवणी: रोजच्या नेहमीच्या गोळ्या, म्हणजे इस्ट्रोजेन असलेल्या, पाजत असताना सहा महिने टाळतात, दूध कमी होऊ शकतं. मैत्रिणीचं पाकीट उचलून सुरू करू नका.

ऱ्हाइनकाठची
जर्मनीतून. इथे बाळंतपणानंतर सुईण घरी येते, तिला हेबामं म्हणतात, विम्यातून. माझी आठव्या दिवशी चहा पिता पिता म्हणाली, संततिनियमनाचं काय ठरवलंय? मी अशी हसले की टाके दुखले. तेव्हा मला नीट बसताही येत नव्हतं! आता हा धागा वाचून वाटतं, बाई वेळेवर विचारत होती.

माझी पाळी चौदाव्या महिन्यात आली, रात्रीचं पाजणं बंद केल्यावर बरोबर पाच आठवड्यांनी. पोटात दुखणं पहिल्यापेक्षा कमी. धाकट्या जावेचं मात्र वाढलं, तेव्हा यात नियम नाही.

सोनटक्का
सिझेरियनवाल्यांना उशिरा येते का?

टाकेवाली
नाही, त्याचा संबंध पाजण्याशी आहे. मात्र सिझेरियननंतर पाळी संपल्यावरही पाच-सहा दिवस तपकिरी डाग रेंगाळत असतील, तर टाक्याच्या जागी गर्भाशयाला आतून खोबण पडलेली असू शकते. पाळी संपल्या संपल्या सोनोग्राफी करा. आणि सिझेरियन झालेलीने दुसऱ्यासाठी निदान दोन वर्षं तरी थांबावं, आतला व्रण भरायला वेळ द्या.

वऱ्हाडी_ठेचा (शुक्रवार, पहाटे ४.०५)
झोप लागत नाही म्हणून वाचत होते. माझं उलटं आहे. अकरा महिने झाले, पाळी नाही. पण मी पाजतही नाही, मला दूधच आलं नाही. बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं, चार बाटल्या चढवल्या. नंतर सगळे म्हणाले अशक्तपणा आहे, येईल हळूहळू. ज्या दवाखान्यात बाळंत झाले तिथे दोनदा जाऊन आले, टॉनिक दिलं. मे महिन्यात अकोल्याच्या उन्हात मला गार वाटत होतं, पंखा बंद करा म्हणायची, घरचे हसायचे. काखेतले केस गेले, परत आलेच नाहीत. उठून पोराला घ्यायचं तर खाटेचा काठ धरून उठते. हे कशाशी संबंधित आहे का?

टाकेवाली (पहाटे ५.५०)
ताई, आज. उद्या नको.

बाळंतपणात फार रक्त गेलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटू शकतो. गरोदरपणात ती मोठी झालेली असते, म्हणून तिला लवकर फटका बसतो. मग दूध येत नाही, पाळी येत नाही, थायरॉईडला हुकूम जात नाही, म्हणून गार वाटतं नि थकवा जात नाही. याला शीहान सिंड्रोम म्हणतात, १९३७ साली ग्लासगोत काम करणाऱ्या शीहान या डॉक्टरने वर्णन केलेलं. तुम्हाला तेच आहे असं मी इथून म्हणू शकत नाही, पण तुम्ही लिहिलेली प्रत्येक ओळ तिकडे बोट दाखवते.

फिजिशियनकडे किंवा हार्मोनच्या डॉक्टरकडे, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जा. रक्ताच्या तपासण्या करा: सकाळी आठच्या सुमाराला कॉर्टिसॉल (शरीराला ताण झेलायला लावणारं हार्मोन), शिवाय थायरॉईडचे टीएसएच आणि फ्री टी-४, प्रोलॅक्टिन, सोडियम, साखर. बाळंतपणात रक्त गेलं होतं हे पहिल्या वाक्यात सांगा. आणि कुणी नुसती थायरॉईडची गोळी दिली तर विचारा, कॉर्टिसॉल पाहिलंत का? ते कमी असताना थायरॉईडची गोळी आधी सुरू केली तर जिवावर बेतू शकतं. उलट्या, जुलाब, जोराचा ताप आला तर थेट मोठा दवाखाना.

ज्यांचं क्युरेटिंग झालंय आणि नंतर पाळी आलीच नाही किंवा नुसता डाग येतो, त्यांचं कारण वेगळं असू शकतं, गर्भाशयाच्या आतल्या भिंती चिकटतात. त्यांनीही तपासून घ्या.

मीठभाकरी
ठेचा, गेल्यावर इथे कळव. वाट बघतेय.

वऱ्हाडी_ठेचा (बारा दिवसांनी)
जाऊन आले. कॉर्टिसॉल कमी, थायरॉईड कमी. एमआरआयमध्ये ग्रंथी चपटी झालेली दिसली. गोळ्या सुरू झाल्या, आधी हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कॉर्टिसॉलची, मग थायरॉईडची, टाकेवाली डॉक्टर म्हणाल्या त्याच क्रमाने. नवीन डॉक्टरांनी एक चिठ्ठी दिलीय पर्समध्ये ठेवायला, की मला या गोळ्या सुरू आहेत, बेशुद्ध सापडले तर इंजेक्शन द्या. वाचून जरा धस्स झालं. पण काल मी पोराला कडेवर घेऊन जिना चढले. मधे थांबले नाही.

अण्णा_नगरी
ताई भारी. आमच्या हिचं हिमोग्लोबिन ८.२ निघालं. माळ्यावरची डबी काढली.

काजवी (सात आठवड्यांनी)
सगळ्यांचे आभार, उशीर झाला. दुसरी पाळी एकेचाळिसाव्या दिवशी आली. त्याआधी दोनदा घरी तपासणी केली, दोन्ही वेळा एकच रेघ. ऑफिस महिन्याभरात सुरू होईल, तोवर वरचं अन्नही चालू झालेलं असेल.

गाईचं दूध दिलं नाही. त्या चार दिवसांत सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त दर पाजण्यानंतर बाळाचं दुपटं उघडून बघायच्या. जुलाब काही झाले नाहीत. चौथ्या रात्री मी पाजत होते नि त्या पायाशी बसून लसूण सोलत होत्या. अचानक म्हणाल्या, "तुझा नवरा आणि धाकटे भावजी, दोघांत तेरा महिन्यांचं अंतर. मला मधे पाळी आलीच नव्हती गं. चार महिने झाले तेव्हा कळलं. सगळे मलाच हसले." त्यांचं लसूण सोलणं चालूच होतं. मी या धाग्यातली पावतीची गोष्ट सांगितली. त्यांनी ती दोनदा सांगायला लावली.

छाया सुरू केलीय, दुसऱ्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पाकीट त्यांच्याच कपाटात असतं. काल सकाळी मी आंघोळीला निघाले तर स्वयंपाकघरातून हाक आली, "अगं, आज बुधवार ना?"